आधी समोरच्याच्या तोंडानं

कायद्याला वास असतो असं मी म्हटलं की ऐकणारे हसतात. माझ्यापुरता तो वास चिंचेचा आहे. नुकत्याच फोडलेल्या, टरफलाची तपकिरी धूळ बोटांना लागलेल्या, उन्हात जराशा तापलेल्या चिंचेचा. आणि त्याच्या मागून हलकेच येणारा विभूतीचा, कोरडा. आता मी धाराशिवला राहते. इथल्या न्यायालयावरून जाताना काळ्या कोटांची लगबग दिसते, झेरॉक्सच्या दुकानातला गरम कागदाचा वास येतो, आणि तरीही माझ्या जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते चिंचेच्या आठवणीनं.

तुळजापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिले त्या बाई पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. गल्ली त्यांना अक्का म्हणे. माझ्या आधीच्या भाडेकरूनं खोलीच्या भिंतीवर खिळ्याच्या टोकानं कोरून ठेवलं होतं, ‘इथे शिट्टी वाजते.’ त्याचा अर्थ पहिल्याच सकाळी कळला. उजाडताना खालून अशी एक शिट्टी आली की मी अंथरुणात उठून बसले. चहा झाला होता, इतकंच.

अक्कांच्या गळ्यात दोन काळे दोरे असत. एकात इष्टलिंगाची चांदीची डबी, दुसऱ्यात पितळी शिट्टी. श्रद्धा दोन्हींवर सारखीच. डबी सकाळी पूजेपुरती बाहेर निघे. शिट्टीला मात्र विसावा नव्हता. शेळी तुळशीला तोंड लावू लागली की शिट्टी, दूधवाला गल्लीत उलट्या बाजूनं शिरला की शिट्टी. कुकर वाजला की त्याला उत्तर म्हणूनही एक. अंगानं त्या उंच, खांद्यांनी रुंद. इरकली लुगडं घट्ट नेसत आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. चालताना बुटांचा आवाज होत नसे, लुगड्याच्या काठाचा होई. मनगटं उघडी, डाव्या हातावर तेवढं पुरुषी घड्याळ. लग्नाचं कुणी विचारलं, तर शांतपणे सांगत, “माझ्या नावाचं वॉरंटच निघालं न्हाय कधी.”

बाजाराला त्या स्कूटीवर जात, डोक्यावर हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली नीट अडकवून. घरापासून मंडई ती केवढी? भाजीवाल्या हसत. अक्कांना त्याचं काही नव्हतं. परतीची तऱ्हा मात्र मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही. मंडईत त्या हेल्मेट उतरवत, पालथं करत आणि त्यातच भाजी घेत. मेथीची जुडी, वर टोमॅटो, कडेला कोथिंबीर. आता डोकं मोकळं राहिलं, आणि मोकळ्या डोक्यानं गाडी चालवणं म्हणजे गुन्हा. मग अक्का ते भरलेलं हेल्मेट सीटवर ठेवून स्कूटी ढकलत, धापा टाकत घरी येत. चढावर मी मागून हात लावी.

“अक्का, पिशवी न्यावी की.”

“पिशवी विसरते. हेल्मेट विसरत न्हाय.”



सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे घेऊन त्या ओसरीवर बसल्या की माणसं येऊ लागत. कुणी जळकोटहून, कुणी शेजारच्या आळीतून. प्रश्न साधेच असत, पण ज्याचा त्याला ते छातीवर धोंड्यासारखे. पोलिसांनी तक्रारच घेतली नाही तर काय करायचं? घरी कोर्टाचा कागद आला, आता धरून नेणार का? एकदा एक बाई पदराखाली समन्स घेऊन आली होती; तिनं ते घरात कुणाला दाखवलंही नव्हतं. अक्कांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “समन्स म्हणजे बोलावणं. वॉरंट म्हणजे न्यायला येणं. तुला बोलावलंय. जायचं, सांगायचं, परत यायचं. जेवायला घरी.” त्या ‘जेवायला घरी’नं बाईचा चेहरा असा सैल झाला, जणू कुणी आतून गाठ सोडली.

ओसरीचे दोन नियम होते. पहिला असा, की हातात काम घेतल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. माघ-फाल्गुनात चिंच फोडायची, उन्हाळ्यात मिरचीचे देठ काढायचे, पावसाळ्यात लसूण सोलायचा, दिवाळीनंतर भुईमुगाच्या शेंगा. गावचा पुढारी आला तरी त्याच्यापुढे सूप सरकवलं जाई. “रिकाम्या हाताचा माणूस बोलताना हात हलवतो,” अक्का म्हणत, “अन् हात हलले की गोष्ट फुगते.” मी वर्गात कविता शिकवते, शब्द आणि हात यांच्या नात्याविषयी याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा नियम अवघड होता. झालेली हकीगत आधी स्वतःच्या तोंडानं सांगायची नाही. समोरच्याच्या तोंडानं सांगायची.

एकदा एक तरुण तावातावानं आला. चौकात वाहतूक पोलिसानं त्याच्या गाडीची चावी काढून घेतली होती.

“अक्का, चावी काढता येते का त्याला? कायदा सांगा!”

“चिंच घे.” त्यानं घेतली. “आता त्याच्या तोंडानं सांग.”

“कुणाच्या?”

“ट्रॅफिकवाल्याच्या. आता तू तो. सकाळधरनं उन्हात उभा हाईस, पाणी संपलंय. बोल.”

तरुण घुटमळला. चिंचेचं टरफल त्याच्या बोटांत कडकन मोडलं. “मी... चौकात उभा होतो. तिकडनं एक गाडी आली. गाडीवर तिघं होते.”

“अस्सं. पुढं?”

“मी हात केला. ते थांबले न्हाईत.”

“का बरं थांबले न्हाईत?”

त्यानं मान खाली घातली. “मागचा म्हणला, दाब.”

ओसरीवर हशा पिकला, तोही हसला. मग अक्का गंभीर झाल्या. “आता तुझं ऐकते. चावी उपसून घेणं हे त्याचं काम न्हाय. त्यानं थांबवावं, कागद बघावेत, दंड करावा. चावीबद्दल तू वरच्या सायबाकडं अर्ज दे, म्या मजकूर सांगते. अन् तिघांचा दंड तू भर. दोन्ही खरं हाय.”

“लायसन मोबाईलमधी दावलं तर चालतं का?”

“सरकारी ॲपातलं चालतं. तू फोटो काढून ठिवलेलं चालत न्हाय. ती सगळी चिंच संपव मग जा.”

‘दोन्ही खरं हाय’ हे त्यांचं पालुपद होतं. एकदा कुणा सासूबाईंनी मोठ्या आशेनं विचारलं, “दिवस मावळल्यावर बाईमाणसाला अटक करत न्हाईत म्हणं?” अक्का म्हणाल्या, “सहसा न्हाय करत. लईच गरज पडली तर मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून बाई पोलीस येते. न्हायतर सकाळी येतो की आमी, चहाच्या वक्ताला.” सासूबाई लसूण अर्धा टाकून उठल्या.

नवे कायदे आले तेव्हा मात्र अक्का उदास झाल्या. चारशे वीस, तीनशे दोन, तीनशे एकोणऐंशी हे आकडे त्यांच्या तोंडात जन्मभर माहेरच्या माणसांच्या नावांसारखे रुळलेले. आता फसवणुकीचा आकडा वेगळा, चोरीचा वेगळा. ओसरीवर कुणी ‘अक्का, कलम कोणतं?’ विचारलं की त्या क्षणभर थबकत, ओठ हलवत, आणि नवा आकडा असा उच्चारत जणू दारात नवखा पाहुणा उभा आहे आणि त्याला या म्हणायचं आहे. दुपारी मी माडीवर पेपर तपासत असे तेव्हा खालून त्यांची घोकंपट्टी ऐकू येई, मध्येच एखादा जुना आकडा निसटे, मग त्या स्वतःलाच कानडीत दटावत, “सुम्न कुंदर!” गप बस, असं.

आता बांगडीवाल्या मावशींविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय अक्कांचं चित्र अर्धंच राहील.

मावशी तामलवाडीहून रोज सकाळच्या एसटीनं येत आणि मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर, एका पायरीच्या कडेला टोपली मांडून बसत. देवीला आलेल्या बायका हिरवा चुडा भरल्याशिवाय परतत नाहीत; त्यामुळं त्या पायरीवर दिवसभर काचेची बारीक किणकिण चाले, गर्दीच्या गलक्याखाली वाहणाऱ्या झऱ्यासारखी. मावशींच्या हातात काहीतरी होतं. त्या तुमचा हात आपल्या तळव्यात घेत, अंगठ्याच्या बुडाशी हळूच दाबत, तुमच्याशी गावाकडचं काहीबाही बोलत, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर आलेली असे. दुखत नसे. कधी चढली हेही कळत नसे. मी त्यांच्याकडे बांगड्या भरल्या त्या दुपारी मला वाटलं, कवितेत ओळ अशी यावी.

अक्का दिसल्या की मावशी टोमणा मारायच्या. “अक्का, एवढी दांडगी बाई, अन् हातात नुसतं घड्याळ? एकदा तरी भरा की.”

“म्या दुसऱ्याच्या हातात लई घातल्या,” अक्का उत्तर देत, “माझ्या हातात कुणी घालायच्या न्हाईत.”

बेड्या आणि बांगड्या यांत त्या फरक करत नाहीत असं मावशी सगळ्यांना सांगत.

त्या वर्षी नवरात्र जवळ आलं होतं. पाऊस उघडून ऊन सोनेरी झालं होतं. लॉजच्या भिंतींना नवा चुना लागला होता, आणि कुंकवाच्या दुकानांतून इतका लाल रंग बाहेर वाहत होता की रस्त्यावरच्या धुळीलाही त्याची झाक आली होती. मी अक्कांच्या मागं स्कूटीवर बसले होते, दोघींच्याही डोक्यावर हेल्मेट. वेग नेहमीसारखाच, चालणाऱ्याहून जरा जास्त. तेवढ्यात समोरून माणसांनी भरलेली एक जीप उलट्या बाजूनं आली.

अक्कांची पाठ माझ्यासमोर ताठ झाली. शिट्टी ओठांत गेली. जीप बाजूनं निघून गेली, आणि तिच्या नंबरासाठी अक्कांनी मान वळवली, अगदी मागं, माझ्या खांद्यावरून पलीकडे. त्यांचे डोळे मला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसले. त्यांत रागही नव्हता, नुसती एकाग्रता होती.

मग आवाज झाला. गाडीचा नव्हे, माणसाचाही नव्हे. पत्र्यावर गारांची सर कोसळावी तसा. हिरव्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या डांबरावर उड्या घेत चहूकडे पसरल्या. काही अखंड राहून गडगडत कितीतरी दूर गेल्या आणि गोल गोल फिरून शांत झाल्या. त्यांच्या मधोमध मावशी बसलेल्या होत्या. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. “अगं बाई, माझा माल!” म्हणून उजवा हात उचलायला गेल्या, आणि तो हात मनगटापासून भलत्याच दिशेला राहिला.

पुढचं अक्कांनी असं केलं, जसं आयुष्यभर ओसरीवर सांगत आल्या होत्या. गाडी जागेवर उभी केली. मावशींचा हात लाकडाच्या पट्टीला माझ्या ओढणीनं बांधला. रिक्षा थांबवली. रिक्षावाला ‘पोलिसाची झंझट’ म्हणून कुरकुरला, तर म्हणाल्या, “जखमीला नेणाऱ्याला कुणी अडकवत न्हाय. नावसुद्धा सांगायची सक्ती न्हाय. चल.” त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. ओठांतून सुटलेली शिट्टी मात्र छातीवर अजून हेलकावे घेत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, हाड बसवता येईल. पण बोटं पूर्वीसारखी वळतील का, हे आज सांगता यायचं नाही. उजव्याच हाताची बोटं. मावशींनी ते ऐकलं आणि डोळे मिटले. त्यांच्यापाशी शेत नव्हतं, दुकान नव्हतं. जे होतं ते त्या पाच बोटांत होतं.

बाहेर गल्लीतली माणसं जमली होती. त्यांचं मत ठरलेलं होतं. मिटवावं. आमच्याकडे अशा गोष्टी मिटवायची रीतच आहे. दोन्ही बाजूंनी देवीच्या पायरीवर एक नारळ फोडायचा, कुंकू लावायचं, आणि झालं गेलं विसरायचं. मलाही तेव्हा तेच बरं वाटलं होतं. मावशी तर डॉक्टरांना परस्पर सांगून मोकळ्या झाल्या, “म्या पाय घसरून पडले, असं लिवा.”

“न्हाय,” अक्का दारातून म्हणाल्या. “गाडीनं पडली. गाडी माझी.”

जबाब घ्यायला ठाण्यातून जे जमादार आले ते एके काळी अक्कांच्याच हाताखाली लिहायला शिकलेले. त्यांनी पेन काढलं, अक्कांकडे पाहिलं, पेनला टोपण लावलं.

“अक्का, मावशी म्हणत्यात तक्रारच न्हाय.”

“तिला कळंना झालंय. अरे, गाडीचा विमा म्या दर साली भरते, तो कुणासाठी? माझ्यासाठी न्हाय. रस्त्यावरच्या माणसासाठी असतो तो. पण अपघात झालाच न्हाय असं कागदावर आलं, तर विमेवाला हिला ओळख तरी दावंल का? आज नारळ फोडू, गोड बोलू. उद्या हिची बोटं वाकडी ऱ्हायली तर नारळ दावायचा का कोर्टाला?”

“पण मग तुमच्यावर गुन्हा लागतो अक्का.”

“लागू दे की. झालाय तर लागंल.”

मावशी कॉटवरून ओरडल्या, “म्या न्हाय अंगठा देणार! बाईनं उचलून आणलं मला, अन् तिच्यावरच केस करू? देवी काय म्हणंल?”

तेव्हा जमादारांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी त्यांना मनोमन नमस्कार करते. ते स्टूल ओढून बसले, आणि लाजत म्हणाले, “अक्का, तुमचाच नियम. आधी समोरच्याच्या तोंडानं.”

अक्का हात मागं बांधून, हजेरीला उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहून बोलू लागल्या. “मी बांगडी विक्रेती. मी टोपली घेऊन रस्त्याच्या कडेने, माझ्या बाजूने पायी जात असताना...”

“असलं न्हाय बोलत म्या,” मावशी म्हणाल्या.

“...समोरून येणाऱ्या दुचाकीने मला धडक दिली. माझी काही चूक नाही.”

“आता मावशी,” जमादार हळूच म्हणाले. “तुमी अक्काच्या तोंडानं सांगा.”

मावशी छताकडे पाहत राहिल्या. पंखा कुरकुरत होता, टिंक्चरचा तिखट वास नाकात बसला होता. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी अक्कांचा घोगरा सूर हुबेहूब उचलला आणि खोलीतल्या परिचारिकाही वळून पाहू लागल्या.

“म्या हवालदार. सगळं गाव माझं ऐकतंय. म्या गाडी सावकाश चालवते, डोक्यावर हेल्मेट घालते. मोप कायदा पाळते. समोर बांगडीवाली होती, उन्हात लख्ख दिसत होती. पर तिकडनं एक जीप चुकीची आली.” त्या थांबल्या. नक्कल हळूहळू विरत गेली आणि उरला तो त्यांचाच आवाज, मऊ, बांगडी चढवताना असे तसा. “अन् मला दुसऱ्याची चूक दिसली, की मग दुसरं काय बी दिसत न्हाय.”

अक्का भिंतीकडे पाहत होत्या. विभूतीचे पट्टे घामानं ओघळून भुवयांपर्यंत आले होते.

“बराबर हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “असंच झालं. लिही.”

मावशींनी डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

त्यानंतर ओसरी ओस पडली. जिच्या स्वतःवरच गुन्हा दाखल आहे तिला कायदा काय विचारायचा, असं लोकांना वाटलं असावं. किंवा नुसता संकोच. लसणाचा ढीग तसाच पडून राही आणि अक्का एकट्याच पाकळ्या सोलत बसत. मी जिन्यावरून पाहत असे. त्या शिट्टी वाजवत नसत. शेळीनं तुळस पार बोडकी केली.

घटस्थापनेच्या आदल्या सकाळी त्या कॅनव्हासचे बूट चढवून माझ्या दाराशी आल्या. “चल. टोपली धरायला माणूस पाहिजे.”

“कसली टोपली?”

“नवरात्रात पायरी मोकळी ठिवली तर दुसरा बसंल तिथं. मग हात बरा हून बी काय उपेग?”

आणि अशा रीतीनं निवृत्त हवालदार देवीच्या वाटेवर बांगड्या भरायला बसल्या. शेजारी मावशी, प्लॅस्टरमधला हात झोळीत घेऊन, सूचना देत. तो प्रकार बघण्यासारखा होता. अक्का बाईचा हात धरत तो असा, की ती बाई आधी आजूबाजूला कोण बघतंय ते पाही. पहिल्या दिवशी चढल्या त्याहून फुटल्या जास्त.

“अहो, धरताय कशाला? पळून चाललीय का ती?” मावशी कळवळून म्हणत. “अंगठा आत घ्या. तिच्याशी बोला. बोलता बोलता चढवायची असते.”

“काय बोलू?”

“कुठल्या गावची, पोरंबाळं किती. तुमी कुणाशी कधी साधं बोललाच न्हाईत का?”

अक्कांनी प्रयत्न केला. “नाव? गाव? हिकडं कशासाठी आलात?”

मावशींनी कपाळावर डावा हात मारला. पण बायकांना त्यात गंमत वाटू लागली. आणि मग जे ओसरीवर घडत होतं ते पायरीवर घडू लागलं. सीमेपलीकडून आलेली एक बाई हात अक्कांच्या हातात देऊन बसली होती. तिनं कानडीत दबक्या सुरात काहीतरी विचारलं. अक्का खाली वाकल्या, कानडीतच बोलू लागल्या. नवरा मारतो, तक्रार द्यायची तर गाव लांब आणि ठाण्यात दिराची ओळख. अक्कांनी सांगितलं, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, ती पुढं आपोआप तिकडं जाते; नोंदवलेल्या तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यायची. बोलता बोलता त्यांचा अंगठा बाईच्या तळव्यात नकळत वळला, आणि बांगड्या एकामागून एक मनगटावर उतरल्या. एकही फुटली नाही. बाई हिरव्या हाताकडे बघत राहिली. मावशी माझ्याकडे बघून भुवया उडवून हसल्या.

न्यायालयात तारीख लागली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर अक्कांनी इतक्या खणखणीत आवाजात ‘कबूल’ म्हटलं की खिडकीतलं पारव्याचं जोडपं उडालं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, असं न्यायाधीश महाराजांनी रीतीप्रमाणे विचारलं. “दबाव माझाच हाय, सायेब,” अक्का म्हणाल्या. दंड भरला, पावती दुमडून कंबरेला खोचली, आणि बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. त्यांनी बशीत ओतून फुर्र करून प्याला. इतक्या समाधानानं कुणाला चहा पिताना मी क्वचितच पाहिलं आहे. विम्याचं पुढं लोकअदालतीत मिटलं, मावशींच्या मनासारखं; ते नारळावर मिटलं नव्हतं म्हणूनच मिटू शकलं.

राहिला होता हात. प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून जो निघाला तो फिकट, सुकलेला, अनोळखी हात होता. बोटं अर्धीच मिटत. दवाखान्यात मऊ चेंडू दाबायला सांगितला होता. अक्कांनी तो चेंडू शेळीच्या करडाला खेळायला दिला आणि मावशींपुढं सूप सरकवलं. ओसरी पुन्हा भरू लागली होती. आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत रोज मावशीही असत, विचारायचं काही नसताना. दिवाळीनंतर शेंगा आल्या. मावशींच्या बोटांतून शेंग निसटे. अक्का बघून न बघितल्यासारखं करत. कुणी मदत करायला गेलं तर शिट्टी वाजे. हळूहळू एक शेंग फुटली, मग पसाभर. संक्रांत गेली. माघात चिंचेची पोती आली, आणि एका सकाळी जिन्यात उभी असताना मी तो आवाज ऐकला: पिकल्या चिंचेचं टरफल चिमटीत धरून मोडल्याचा, स्वच्छ, कडक. मावशींनी मान वर केली. अक्कांनीही. मावशींनी दुसरी चिंच घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या टोपली घेऊनच आल्या.

“बस,” त्या अक्कांना म्हणाल्या. कधीतरी त्या हिवाळ्यात त्यांचं तुम्हीचं तू झालं होतं. “हात आण.”

“मला नगं. बाजारात जाऊन भर की कुणाला बी.”

“बाजारातल्या बाईचा हात आधी धरला अन् फुटली तर? तुझ्या हातावर बघते. घड्याळ काढ.”

अक्कांनी ओसरीभर नजर फिरवली, कुठूनतरी कायद्याचा आधार मिळतो का पाहावं तशी. मग घड्याळ काढलं. त्याच्याखालच्या कातडीवर एक गोरा पट्टा होता, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला. त्यांनी हात पुढं केले. दोन्ही एकदम, मनगटं एकमेकांना चिकटवून, तळवे वर; जन्मभर समोरच्यांनी त्यांच्यापुढं करावेत तसे.

मावशी ते पाहून थांबल्या. हसल्या नाहीत. हळूच त्यांनी ती जोडलेली मनगटं सुटी केली, उजवा हात आपल्या त्या फिकट तळव्यात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं.

“सैल सोड. तुला कुठं न्यायचं न्हाय.”

तो रुंद, हाडापेराचा, काठी धरून घट्टे पडलेला हात. हिरवी बांगडी पेरांपाशी येऊन अडली. “हेल्मेटात मेथी आणतीस, तिला वास लागत न्हाय का गं डोक्याच्या तेलाचा?” मावशींनी सहज विचारलं, आणि अक्का उत्तर द्यायला तोंड उघडतात न उघडतात तोच बांगडी मनगटावर होती. तिच्यामागून बाकीच्याही चढल्या.

तेवढ्यात दारात कुणीतरी वहाणा काढल्या. जळकोटचा एक शेतकरी, अंगावर नवाकोरा सदरा. “अक्का, एक विचारायचं होतं. माझं पोरगं दहावीला हाय, त्यानं माझी गाडी नेली अन्—”

अक्कांनी सवयीनं सूप सरकवायला हात लांबवला. हातभर काच किणकिणली. त्या दचकल्या आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या, दुसऱ्याच कुणीतरी तिथं बोललं असावं तशा. आणि काय म्हणायचं ते पार विसरून गेल्या.

“चिंच घ्या दादा,” बांगडीवाल्या मावशी म्हणाल्या. “अन् आधी पोराच्या तोंडानं सांगा.”